१४ वर्षांच्या मुलाचा बीएमआय २३.५ : शाळेच्या कागदावर 'ओव्हरवेट', ऍपवर 'नॉर्मल', नक्की काय धरायचं?

दोन_मुलांची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा १४ पूर्ण झालाय, वर दोन महिने. सत्राच्या सुरुवातीला शाळेत आरोग्य तपासणी झाली होती आणि तो कागद आत्ता तीन महिन्यांनी दप्तराच्या तळाशी चुरगाळलेला सापडला. त्यावर उंची १६१, वजन ६१ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) २३.५ आणि पुढे लाल पेनाने 'ओव्हरवेट'. मी घाबरून मोबाईलवरच्या एका ऍपमध्ये तेच आकडे टाकले तर हिरव्या पट्ट्यात 'नॉर्मल' आलं, १८.५ ते २४.९ नॉर्मल असतं म्हणे. मग तिसऱ्या एका ठिकाणी टाकलं, तिथे वय विचारलं आणि परत 'ओव्हरवेट' आलं. एकाच पोराचे तीन निकाल, मी कशावर विश्वास ठेवू?

खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा मला दुसरीच काळजी लागलीय. कागद त्याने लपवला होता. गेले दोन महिने तो रात्री 'भूक नाही' म्हणून पानावरून उठतो, घरातसुद्धा ढगळ टीशर्ट घालतो, पोहायला जायचा ते बंद केलंय, आणि चालताना खांदे पुढे टाकून वाकून चालतो. थोरला या वयात नुसता काडी होता, त्यामुळे घरात येणारा जाणारा प्रत्येकजण तुलना करतो आणि मीही केलीय, खोटं कशाला बोलू. 'अरे जरा कमी खा' हे माझ्याच तोंडून निघालंय दोन चार वेळा.

तर माझे प्रश्न असे की हा बीएमआय या वयाच्या मुलांना लागू होतो का, होत असेल तर कसा बघायचा, आणि मी आता डाएट चालू करू का थांबू? ज्यांना कळतं त्यांनी प्लीज सांगा.

---

वाढीचा_तक्ता

ताई, मी बरीच वर्षं लहान मुलांच्या ओपीडीत काम करतेय, मुलांची उंची वजनं मोजणं आणि ती तक्त्यावर मांडणं हेच रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक सांगते, तुमच्या तिन्ही निकालांत गणित एकच आहे, वजन किलोत आणि त्याला उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागायचं. ६१ भागिले १.६१ गुणिले १.६१, आले २३.५. आकड्यात घोळ नाहीच, घोळ आहे तो कुठल्या पट्टीला लावला त्यात.

१८.५, २५, ३० हे सगळे टप्पे मोठ्या माणसांचे आहेत. ज्यांची उंची वाढून थांबलीय त्यांचे. ते १४ वर्षांच्या मुलाला लावायचेच नाहीत, त्यामुळे ऍपवरचा हिरवा पट्टा विसरून जा. १९ वर्षांपर्यंत मुलाचा बीएमआय त्याच्याच वयाच्या मुलग्यांच्या तक्त्यावर बघायचा असतो, मुलींचा तक्ता वेगळा, कारण मुली साधारण एक-दोन वर्षं आधी वयात येतात आणि दोघांच्या अंगाची घडण वेगळी होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा ५ ते १९ वर्षांचा तक्ता २००७ सालचा आहे, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा २००० सालचा, काही देशांचे स्वतःचे आहेत. सीडीसीवाल्यात पर्सेंटाईल असतात, म्हणजे त्याच वयाची शंभर मुलं बीएमआयप्रमाणे चढत्या क्रमाने ओळीत उभी केली तर आपला कितव्या नंबरवर येतो. ५ च्या खाली कमी वजन, ५ ते ८५ ठीक, ८५ ते ९५ ओव्हरवेट, ९५ आणि वर लठ्ठ. पर्सेंटाईल म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत हां, ९० आले म्हणजे छान असं काही नाही आणि ५० म्हणजे नापासही नाही, बरेच पालक इथेच गडबडतात.

वय का महत्त्वाचं ते बघा. २३ हाच बीएमआय १० वर्षांच्या मुलाचा असेल तर तो लठ्ठपणाच्या रेषेच्याही वर जातो आणि सीडीसीच्या तक्त्यावर १५ वर्षांच्या मुलाचा २३ असेल तर तो ठीक गटात बसतो. आकडा तोच, अर्थ पार उलटा.

आणि अजून एक, हे मी प्रत्येक आईवडिलांना सांगते. हे सूत्र मुळात काढलं बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने, १८३० च्या दशकात. डॉक्टर नव्हता तो, खगोल आणि आकडेशास्त्र हा त्याचा विषय. वजन उंचीच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं असं त्याला मोठ्या माणसांत दिसलं, पण जन्मानंतरची आणि वयात येतानाची झपाट्याची वाढ याला अपवाद आहे हेही त्याला तेव्हाच दिसलं होतं. पुढे १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं, तोही अभ्यास मोठ्या पुरुषांवरचा. म्हणजे तुमचा मुलगा सध्या नेमका ज्या काळात आहे तिथेच हे सूत्र सगळ्यात कच्चं पडतं. म्हणून ते टाकून द्यायचं नाही, पण एका आकड्यावरून निकालही द्यायचा नाही.

तुमच्याकडे त्याची जुनी उंची वजनं असतील ना, डॉक्टरांच्या फाईलमध्ये, लसीच्या कार्डावर, कुठेही? १२ आणि १३ वर्षांची मिळाली तर इथे टाका. आणि आजची उंची घरी नीट मोजा. सकाळी उठल्यावर, बूट मोजे काढून, टाचा कुल्ले पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर सरळ, डोक्यावर एक जाड पुस्तक सपाट धरा आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने खूण करा, मग टेपने मोजा. दोनदा मोजा. दिवसभरात पाठीचा कणा दबून संध्याकाळी उंची जवळजवळ एक सेंटिमीटर कमी भरते आणि वाकून उभा राहिला तर आणखी घटते, आणि उंचीचा वर्ग होत असल्यामुळे तिथली छोटी चूक बीएमआयमध्ये मोठी होऊन येते.

डाएट चालू करू नका. त्याबद्दल आकडे आले की बोलू.

---

मैदानावरचा_दादा

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त मैदानावरून दिसतं ते सांगतो. शाळेतल्या मुलांना ऍथलेटिक्स शिकवतो.

माझ्याकडे दोन मुलं होती, दोघं १५ वर्षांची, दोघांची उंची १७२ आणि वजन ७१, म्हणजे बीएमआय दोघांचा २४. कागदावर दोघं ओव्हरवेट, जुळे म्हणा. त्यातला एक गोळाफेकवाला, खांदे मांड्या भरलेल्या, कंबर ७४ सेंटिमीटर. दुसरा नवीन आलेला, दोन फेऱ्या मारल्या की कडेला बसायचा, कंबर ९०. वजनकाट्याला स्नायू कुठला आणि चरबी कुठली हे कळत नाही, टेपला थोडंफार कळतं. म्हणून मी एक साधी गोष्ट बघतो, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का. १७२ चं निम्मं ८६. पहिला आत, दुसरा बाहेर. टेप बेंबीच्या आसपास, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, आवळायची नाही.

पण हेही सांगतो की 'माझा मुलगा जाड नाही हो, मसल आहे' हे वाक्य मी फार ऐकतो आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. बीएमआय रेषेच्या थोडा वर असेल तर शंकेला जागा आहे, खूप वर असेल तर ती चरबीच असते, रोज तासन्‌तास ताकदीचा सराव करणारी मुलं किती असतात? मुलाचा फायदा करायचा असेल तर स्वतःची समजूत घालायला हे वापरू नका.

मुलांच्या बाबतीत निसर्ग थोडा साथ देतो बरं का. वयात येण्याच्या आधी, ९-१० ते १२ च्या दरम्यान, बऱ्याच मुलांना पोट आणि गाल सुटतात, मग टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन वाढतं, उंची सुटते, खांदे रुंदावतात, आणि त्या काळात अंगातल्या चरबीचं प्रमाण कमी होऊन स्नायू आणि हाडं वाढतात. सरासरीने मुलांची उंची सगळ्यात जोरात वाढते ती साडेतेरा चौदाच्या आसपास, त्या एका वर्षात ९-१० सेंटिमीटर सहज. पण कुणाचं १२ ला होतं कुणाचं १६ ला. आमच्याकडे १४ वर्षांखालच्या गटात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि त्याच्या बाजूच्या लेनमधल्याचा आवाजसुद्धा फुटलेला नसतो. या दोघांना एकाच तक्त्यावर मोजतो आपण कारण तक्त्याला जन्मतारीख कळते, शरीराचं वय कळत नाही.

एक कळकळीची विनंती, जिममध्ये जाणारी १५-१६ ची मुलं कुणाच्या तरी सांगण्यावरून पावडरी आणि इंजेक्शनं घ्यायला लागलीत. काही पावडरींमध्ये डब्यावर न लिहिलेल्या गोष्टीही सापडतात. अशा इंजेक्शनांत असणाऱ्या, स्नायू वाढवायच्या स्टेरॉइडने हाडांची वाढीची टोकं वेळेआधी बंद होतात, म्हणजे उंची आहे तिथेच थांबते, आणि ती परत उघडत नाहीत. मुलगा आरशासमोर फार वेळ घालवत असेल, दंड मोजत असेल, 'मी बारीकच आहे' म्हणत असेल तर तोही त्रासच आहे, फक्त उलट्या बाजूचा. मुलींच्या बाबतीत आपण लगेच लक्ष देतो, मुलांच्या बाबतीत 'व्यायाम करतोय चांगलंय' म्हणून सोडून देतो.

---

पाण्यात_न_उतरलेला

मी २४ वर्षांचा आहे. बीएमआयबद्दल मला वरच्या दोघांइतकं माहीत नाही पण ढगळ टीशर्ट, वाकून चालणं आणि पोहणं बंद, हे तिन्ही एकत्र वाचलं आणि मला राहवलं नाही म्हणून लिहितोय.

काकू, तो छाती लपवत असेल. मी तेच करायचो.

मी १३ चा असताना एका बाजूला स्तनाग्राखाली बटणासारखी गाठ आली, हात लागला तरी दुखायची, शर्टाची शिवण घासली तरी दुखायची. मग दुसऱ्या बाजूला. मी आधीच गुबगुबीत होतो, त्यात हे. वर्गात सगळ्यांसमोर वजन करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे, लिहून घेणारा दुसऱ्या टोकाला बसलेला असायचा म्हणून. माझा आकडा वाचल्यावर मागून जो आवाज यायचा तो मला आजही ऐकू येतो. खेळाच्या तासाला कपडे बदलायचे असायचे तेव्हा मी पोट दुखतंय सांगायचो. तीन वर्षं मी पाण्यात उतरलो नाही. घरी कुणाला बोललो नाही कारण मला वाटायचं की हे जास्त खाल्ल्यामुळे झालंय, म्हणजे माझीच चूक आहे, म्हणजे सांगितलं तर पुन्हा खाण्यावरच बोलणी बसणार. मग मी दुपारचं खाणं बंद केलं आणि रात्री सगळे झोपल्यावर जे सापडेल ते खायचो. वजन कमी झालंच नाही, उलट वाढलं.

१६ व्या वर्षी तापासाठी गेलो होतो तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासताना बघितलं आणि बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगून मला म्हणाले की हे वयात येताना निम्म्या तरी मुलांना होतं, हॉर्मोनचं संतुलन बसत असतं तोपर्यंत, बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं, बारीक मुलांनाही होतं. बारीक मुलांनाही. हे एक वाक्य मला १३ व्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर ती तीन वर्षं वेगळी गेली असती.

तुमच्या मुलाचं तेच असेल असं मी छातीठोक सांगत नाही. पण विचारा, आणि तुमच्यापेक्षा बाबांनी किंवा थोरल्याने विचारलं तर बरं. समोरासमोर बसवून नको, कुठेतरी जाताना, चालताना, डोळ्यात बघावं लागत नाही अशा वेळी.

आणि 'कमी खा' थांबवा. ते तुम्ही प्रेमाने म्हणता हे मला आता कळतं, तेव्हा नव्हतं कळलं.

---

वाढीचा_तक्ता

पाण्यात_न_उतरलेला, तू लिहिलंयस ते अगदी खरं आहे आणि लिहिलंस ते फार बरं केलंस. त्याला एक पुरवणी म्हणजे गाठ खूप मोठी होत असेल, एकाच बाजूला कडक लागत असेल, स्राव येत असेल, दोन वर्षांनंतरही तशीच असेल किंवा वयात यायच्या आधीच आली असेल तर मात्र दाखवायचं. जास्त वजनाच्या मुलांत नुसती चरबीही तिथे असते, ती आणि गाठ यातला फरक डॉक्टर बोटांनी चाचपून सांगतात, दोन मिनिटांचं काम आहे.

---

काडीची_आई

सगळे वजन जास्त म्हणून बोलताहेत, मी उलट्या बाजूची. माझा मुलगा १५ चा झाला तेव्हा उंची १५२, वजन ३८, बीएमआय १६.४. चणीने लहान, आवाज फुटलेला नाही, बरोबरीची मुलं डोक्याने वर गेलेली. जो भेटेल तो 'काही खायला देत नाही का गं याला'. मी त्याच्या मागे ताट घेऊन फिरायचे, तो रडकुंडीला यायचा आणि मीही.

डॉक्टरांनी तक्ता काढून दाखवला की १५ व्या वर्षी कृशपणाची रेषा १६.० ला आहे, हा तिच्या थोडा वरच आहे, आणि मुख्य म्हणजे लहानपणापासून तो त्याच पट्ट्यातून चाललाय, कुठेही घसरलेला नाही. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, त्यावरून हाडांचं वय कळतं, ते १३ आलं. म्हणजे गाडी बिघडलेली नाही, उशिरा सुटलीय. मग यांनी सांगितलं की तेही कॉलेजात गेल्यावरच वाढले होते, हे आधी नाही सुचलं सांगायला! पुढच्या दीड वर्षात १३ सेंटिमीटर वाढला, पँटा पुरेनात.

पण आमच्या शेजारचा एक मुलगा होता, तोही बारीक म्हणून सगळे 'उंच होतोय म्हणून वाळतोय' म्हणत राहिले आणि निघाला टाईप १ डायबेटीस. घटाघटा पाणी प्यायचा, रात्री तीन चारदा उठायचा, आणि दोन महिन्यांत कपडे सैल झाले होते. तर बारीक असणं वेगळं आणि असलेलं वजन उतरणं वेगळं. वाढीच्या वयात मुलाचं वजन आपोआप उतरायलाच नको, उतरलं तर त्याच आठवड्यात दाखवा, 'वयच आहे' म्हणून बसू नका. जुलाब लांबले, पोट सारखं दुखतंय, थकवा आहे, जेवण टाळतोय, तरी दाखवा.

---

दोन_मुलांची_आई

सगळ्यांचे खूप आभार, परवापासून तीन वेळा वाचलं.

पाण्यात_न_उतरलेला, बाळा, तुझं वाचून मी उठून आत गेले आणि थोडा वेळ बसून राहिले. तू म्हणालास तसंच निघालं. थोरला त्याला घेऊन सायकल दुरुस्तीला गेला होता, येताना चालत आले दोघं, तेव्हा बोलला. दोन्ही बाजूंना आहे, दुखतं, सहा महिने झाले. थोरल्याने त्याला सांगितलं की मलापण झालं होतं! मला आजतागायत माहीत नव्हतं, आणि ज्याला मी 'बघ हा कसा सडपातळ होता' म्हणून दाखवत होते त्यालाच झालं होतं.

आता आकडे. फाईल सापडली. १२ व्या वाढदिवसाच्या आसपास उंची १४७, वजन ४७. १३ ला १५४ आणि ५३. आणि काल सकाळी भिंतीला उभं करून मोजलं, पहिल्यांदा वाकूनच उभा राहिला, मग बाबांनी खांदे हलकेच मागे धरले, १६४.५ आली. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तीच. वजन ६१.५. तीन महिन्यांत शाळेच्या कागदापेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त.

मी बीएमआय काढले तर १२ ला २१.८, १३ ला २२.३ आणि आता २२.७ येतोय. म्हणजे दरवर्षी वाढतच चाललाय ना? शाळेचं बरोबरच आहे ना मग?

---

वाढीचा_तक्ता

ताई, हे आकडे बघून मला बरं वाटलं, का ते सांगते, जरा कागद घेऊन बसा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर मुलग्यांसाठी १२ व्या वर्षी ओव्हरवेटची रेषा १९.९ ला आहे आणि लठ्ठपणाची २३.६ ला. तुमचा २१.८, म्हणजे दोन रेषांच्या बरोबर मधे. १३ व्या वर्षी त्या रेषा २०.८ आणि २४.८ ला सरकतात, तुमचा २२.३, मध्याच्या थोडा खाली. १४ व्या वर्षी रेषा २१.८ आणि २५.९, तुमचा २२.७, खालच्या रेषेला जवळजवळ येऊन टेकलाय. बघा, त्याचा बीएमआय दोन वर्षांत साधारण एकने वाढला पण रेषा जवळपास दोनने वर गेली. आकडा वर चाललाय आणि मुलगा रेषेच्या मानाने खाली येतोय. वाढत्या वयात बीएमआय वाढायलाच हवा, मधल्या मुलाचासुद्धा १२ ला १७.५ असतो आणि १६ ला २०.५ होतो. म्हणून एका ठिपक्यावर मी कधीच काही बोलत नाही, तीन ठिपके द्या, मग त्यांच्यातून जाणारी ओळ सांगते कुठे चाललंय ते.

शाळेने लिहिलं ते चूक नाही, तो त्या दिवशी ओव्हरवेट गटात होता आणि आजही अगदी थोडासा आहे. पण तो कागद म्हणजे चाळणी असते, जास्त बघायला हवं का एवढंच तिने सांगायचं, निदान करायचं काम तिचं नाही. उंचीतला फरक थोडा वाकून उभं राहण्याचा आणि थोडा खऱ्या वाढीचा, १४ महिन्यांत साडेदहा सेंटिमीटर म्हणजे तो आत्ता ऐन भरात वाढतोय. साडेआठ किलो वजन वाढलं त्यातलं बरंच हाडांत आणि स्नायूंत गेलं असणार.

तरी एकदा डॉक्टरांना दाखवा, छातीसाठी जाणारच आहात तर त्यातच होईल. रक्तदाब मोजायला सांगा, मुलांचा सहसा कुणी मोजतच नाही. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झालीय का बघा, घासून निघत नाही अशी, ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं, त्याला मळ समजून पोरांना रगडू नका. झोपेत जोरात घोरतो का, मधेच श्वास अडकतो का. घरात कमी वयात डायबेटीस किंवा हृदयविकार असेल तर ते सांगा, त्यावरून साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर यांच्या तपासण्या लागतील का ते ठरेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन वाढतंय पण उंची अडलीय असं असतं तर मी तुम्हाला लगेच पळवलं असतं, कारण नुसतं खाण्यामुळे जाड झालेली मुलं बहुधा वयाच्या मानाने उंच असतात, जाड आणि बुटका होत चाललाय म्हटलं की थायरॉइड वगैरे हॉर्मोनचं बघावं लागतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

आता डाएट. नाही. ऐन वाढीत उपाशी ठेवलं तर उंची आणि हाडांची किंमत मोजावी लागते, आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे आजार दोन्ही टाळण्यासाठी जे सांगितलं त्यात हेच आहे, मुलांना डाएट करायला लावू नका, घरात वजनावर बोलू नका, त्याच्याच नाही तर स्वतःच्याही वजनावर नको, आणि जमेल तितकं एकत्र जेवा. तुम्ही लिहिलंत तो पानावरून उठतो, मला बीएमआयपेक्षा त्याची जास्त काळजी वाटली होती. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि त्याच्यासमोर नको, आधी एकट्या भेटून सांगा.

जे बदलायचं ते सगळ्या घरासाठी बदला, थोरला बारीक आहे म्हणून त्याला वेगळं ताट आणि याला वेगळं असं करू नका. गोड पेयं घरात आणणं बंद, पाणी. रोज तासभर घाम येईल असं काहीतरी, त्याला आवडेल ते. रात्री फोन खोलीबाहेर, या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि ती कमी पडली की भूक वाढते. एवढंच. वजन उतरवायचंच नाहीये, उंचीला पुढे जाऊ द्यायचंय. आत्ताच्याच वजनावर तो उद्या १७२ झाला असं धरलं तर बीएमआय २०.८ होईल. मी काही वजन गोठवा म्हणत नाहीये, ते वाढणारच, फक्त उंचीच्या मागून वाढू दे.

दर आठवड्याला काट्यावर उभं करू नका. तीन महिन्यांनी एकदा, बंद खोलीत, आकडा त्यालाच वाचू द्या.

---

मैदानावरचा_दादा

ताई, पोहणं लगेच चालू करायचा आग्रह धरू नका, अंगभर टीशर्टासारखा पोहण्याचा पोशाख मिळतो, बरीच मुलं घालतात, कुणी बघत नाही. नाहीतर सायकल आहेच त्याच्याकडे.

---

दोन_मुलांची_आई

जाऊन आलो. डॉक्टरांनी आम्हाला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलले. छातीची गाठ नेहमीचीच आहे, औषध नाही, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाले. रक्तदाब ठीक आहे, मान स्वच्छ आहे, कंबर ७९, म्हणजे उंचीच्या निम्म्याच्या आत आहे. माझ्या वडिलांना डायबेटीस होता म्हणून साखर आणि कोलेस्टेरॉल सांगितलंय, रिपोर्ट आला की टाकते. जेवणाचं मी आधी फोनवर सांगून ठेवलं होतं, त्यावर ते त्याच्याशी काय बोलले मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

काल रात्री चौघं एकत्र बसलो. तुलना बंद असं यांनी नातेवाईकांना फोन करून स्पष्ट सांगितलंय, एक दोघांना राग आलाय, येऊ दे.

भिंतीवरची पेन्सिलची खूण मी पुसायला निघाले होते, रंग खराब दिसतो म्हणून. तर तो म्हणाला राहू दे, आणि आतून पेन आणून त्याने खुणेशेजारी तारीख लिहिली.

---

पाण्यात_न_उतरलेला

काकू, रिपोर्ट आला की नक्की सांगा. आणि त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर बोलू दे, तुमच्या फोनवरून, तुम्ही बाजूला बसलात तरी चालेल.